थांब्याजवळची भिंत

भिंती रंगवणारा तो पेंटर एक डोळा मिटूनच बोलायचा, जणू आपलंही माप घेतोय. माझ्या गुलमंडीतल्या गादीच्या दुकानाची जाहिरात त्यानं वैजापूरच्या गाड्यांच्या थांब्याजवळ लिहायला घेतली, तीही बारीक अक्षरांत. शेजारच्या दुकानदाराची मात्र हमरस्त्यावर, हातभर अक्षरांत. मी भाव पाडून घेतला होता, त्याचं हा उट्टं काढतोय असं वाटलं आणि चारचौघांत मी त्याचा रंगाचा डबा लाथेनं उडवला.

तो शांतपणे म्हणाला, "शेठ, तिकडं लोक धावत्या मोटारीतून वाचतेत. इथं तासभर उभं राहून वाचतेत. ही भिंत तुमच्यासाठीच राखली व्हती."

मग वाळूमातीत सांडलेला रंग कुंचल्यानं टिपून त्यानं शेवटचं अक्षर पुरं केलं.

थांब्यावर गेलो की मी त्या शेवटच्या अक्षरावरून बोट फिरवतो. त्यातली वाळू अजून बोटाला लागते.