बारावी चौकट

कौशल्याबाईचा उजवा हात बारा वर्षं गप्प होता. तसा तो कामात असायचाच. भाकरी थापायचा, अंगण सारवायचा आणि गेल्या वर्षापासून पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायचा, दिवसाला आठशे. पण कधीकाळी हा हात बोलायचा, आणि तेव्हा चिखलीपासून मोशीपर्यंतची लग्नघरं त्याचं ऐकायची.

लग्न ठरलं की घरची म्हातारी कौशल्याबाईला बोलावणं धाडायची. गेरू, चुना आणि टोक चेचून केलेला काडीचा कुंचला, एवढ्यावर ती दाराशेजारची भिंत रंगवायची. नवरा-नवरी, करवल्या, मोर आणि मधोमध घोडा. नवऱ्यामुलापेक्षा घोडा देखणा, असं लोक हसून म्हणायचे. चव्वेचाळीस सालच्या वैशाखात अशाच एका घोड्याच्या डोक्यावर तुरा काढायचा तेवढा राहिला होता आणि एक माणूस धापा टाकत आला. विहिरीच्या कामावर दरड कोसळून तिचा नवरा दत्तोबा गेला होता. कुंचला वाटीतच राहिला. लग्नाच्या दिवशी त्या भिंतीवर नुसता पांढरा चुना होता, कारण विधवेच्या हातचा घोडा लग्नाला चालत नाही. मग कुठल्याच भिंतीनं तिला बोलावलं नाही. ती चिखलीला भावाकडे परतली, भावजयीच्या चुलीपाशी जपून बसायला शिकली. पिंपरीला चालत जायचं आणि चालत यायचं, पण कारखान्यात लागल्यापासून निदान ताटातली भाकर तिची स्वतःची होती.

छप्पन सालच्या कार्तिकात, एका सोमवारी, कारखान्याच्या फाटकावर कागद लागला. पुढल्या सोमवारपासून ज्याच्या पासावर फोटो नाही त्याला आत सोडणार नाहीत. गडीमाणसांचे फोटो अर्ध्या दिवसात उरकले. राहिलं लेबल खातं. तिथं कौशल्याबाई धरून बारा बायका होत्या.

पिंपरीच्या बाजारात फोटोचं दुकान चालवणारा युनूस मंगळवारी आला, लिंबाखाली स्टूल मांडून उभा राहिला आणि दुपारी घाम पुसत परत गेला. बुधवारी त्यानं आणलेल्या फोटोंत बारा पदर होते. पदराखाली कुठं हनुवटी, कुठं नाकाचा शेंडा. लेबल खात्यातली नूरबी तर त्याची सख्खी मेहुणी, पण तिच्याही फोटोत ओढणीच होती.

"हा काय फोटो आहे?" हजेरी घेणारे बबनराव ओरडले. "सोमवारी फाटकावर कुणाला ओळखायचं, पदराच्या काठावरून?"

"परक्या गड्यासमोर तोंड उघडं टाकून बसायचं व्हय?" रुक्मिणीबाई म्हणाली. खात्यात तीच सगळ्यांत वयस्कर. "घरी कळलं तर पासाआधी माझीच सुट्टी व्हईल."

"नका बसू. बाहेर पन्नास जण रांगेत उभे आहेत," असं म्हणून बबनराव निघून गेले.

युनूसनं कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि तो पाणी प्यायला गेला. साधा डबा होता तो, काळा, चौकोनी. कौशल्याबाई जवळ गेली. डब्याच्या माथ्यावर काडेपेटीएवढी काच होती. तिनं मान खाली घालून काचेत पाहिलं आणि ती तशीच वाकून राहिली. अंगण, लिंब, भिंत, भिंतीला टेकलेली लेबल खात्यातली शालन, सगळं तिथं एका चौकटीत मावलं होतं. जमिनीवर रांगोळी घालताना बघावं तसं खाली वाकून बघायचं होतं. शालनच्या डोक्यातून लिंबाची फांदी उगवल्यासारखी दिसत होती. कौशल्याबाईनं नकळत स्टूल वीतभर डावीकडे सरकवलं. फांदी गेली. शालन मोकळी झाली.

"कुठं शिकलात?" मागून युनूसनं विचारलं.

ती दचकून बाजूला झाली. "कुठं न्हाई. भिंतीवर."

युनूसला काही कळलं नाही, पण स्टूल सरकलेलं त्यानं पाहिलं होतं. "बाई, तुम्हीच काढा की फोटो. तुमच्यासमोर कोण लाजणार? खटका एकदाच दाबायचा. मागच्या तांबड्या भोकात पुढचा आकडा येईपर्यंत ही किल्ली फिरवायची. माणूस चार पावलांवर बसवायचं. जवळ गेलात तर चेहऱ्याचं पिठलं होईल."

"माझ्या हातचं चालंल का?" तिनं विचारलं. युनूसला वाटलं, बाई शिकण्याला भिते. बाकीच्या बायकांना मात्र कळलं, ती काय विचारते ते.

"आमी काय लगीन लावतोय व्हय गं?" शालनबाई म्हणाली. "पोटाचं बघ आधी."

गुरुवारी सकाळी कौशल्याबाईनं अंगणातली जागा सारवली. पाट मांडला. मांडलेला पाट पाहून आतलं जुनं काहीतरी हललं, आणि शुभकार्याला बसवतात तसं तिनं एकेकीला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. कुणाची बट सारखी केली, कुणाचा खांदा सैल केला. दर खटक्याआधी ती अंगठा पदराला पुसत होती. अकरा जणी झाल्या. बारावा खटका चुकून दाबला गेला.

शुक्रवारी युनूस आला तो ओठ दाबतच. फोटोंत अकरा बायका ना उजवीकडे ना डावीकडे, अगदी चौकटीच्या मधोमध बसल्या होत्या, आणि अकराही जणींनी डोळे गच्च मिटले होते. कपाळाला आठ्या, नाकं वर गेलेली. बाराव्या फोटोत कौशल्याबाईचे पाय होते.

"बाई, सकाळी सूर्य कुठं असतो?" युनूसनं विचारलं.

"पूर्वेला."

"आणि तुम्ही सगळ्यांना त्याच्याच तोंडाला तोंड देऊन बसवलंत!"

शालनबाई आपला फोटो बघून खाली बसली. "अगं बया! ही मी न्हवं, ही चिंच खाल्लेली माझी सासू हाय!" सगळ्या हसल्या. कौशल्याबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर चुना फासलेली ती भिंत आली. आपण हात लावला आणि अकरा घरची भाकर घालवली, असं तिला वाटलं. तिनं पाट उचलून भिंतीला उभा केला.

युनूस हळू आवाजात म्हणाला, "रोल एकच उरलाय. बारा फोटो, तुम्ही बारा जणी. पुण्याहून दुसरा मंगळवारशिवाय येत नाही. डोळे मिटले ते उन्हानं. बसवणं बघा ना, असं माझ्याच्यानं वीस वर्षांत जमलं नाही. उद्या फक्त उजेड बघा."

त्या संध्याकाळी चिखलीच्या वाटेवर कौशल्याबाई उजेड बघत चालली. आयुष्यभर तो अंगावर पडत होता, पण त्याच्याकडे तिनं कधी पाहिलं नव्हतं. समोरून पडला की माणूस भांडखोर दिसतं. मागून पडला की नुसती काळी आकृती. बाजूनं पडला की गालाला खळगा येतो, नाकाला धार येते, ज्वारीच्या ताटालासुद्धा पाठ आणि पोट येतं. तिनं वाटेतल्या म्हशीला चारी बाजूंनी फिरून पाहिलं. म्हैस राखणारा म्हणाला, "इकत घेतीस काय?" घरी पोचल्यावर भावजयीला ती म्हणाली, "वैनी, जरा चुलीकडं वळ." भावजय वळली. त्या उजेडात ती किती देखणी होती! बारा वर्षांत कौशल्याबाईच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

शनिवारी तिनं पाट शेडच्या उत्तरेच्या पडवीत नेला. तिथं ऊन नव्हतं, नुसता मऊ उजेड होता. रुक्मिणीबाई पहिली बसली. डोळे उघडे होते, पण असे की समोर फौजदार उभा आहे.

"अवं, जरा माणसात या," कौशल्याबाई म्हणाली.

"म्हंजी काय करू?"

"दात दाखवा!" मागून नूरबी म्हणाली.

"असतील तर दाखवीन ना!"

कौशल्याबाई काचेत वाकून थांबली होती. खटका वाया घालवता येत नव्हता. आणि मग तिला लग्नघराचं अंगण आठवलं. बायका नवरीला अडवून उभ्या, नवरीची मान खाली. नाव घेऊन झालं की ती मान उचलते. त्या एका क्षणाला तोंडावर जे येतं, तेच तर ती भिंतीवर काढायला बघायची.

"रुक्मिणीबाई, नाव घ्या."

"या वयात?"

"घ्या म्हंते ना. नाव झालं की हलू नका."

रुक्मिणीबाईनं पदर सारखा केला, घसा खाकरला.

"चिखलीच्या रानात हरभऱ्याचे घाटे, चिमाजीरावांचं नाव घेताना अजून लाज वाटे."

बायकांनी हो करून ओरडा केला. रुक्मिणीबाईनं मान वर केली. साठीच्या त्या तोंडावर सोळा वर्षांची पोर येऊन उभी राहिली आणि श्वास धरून थांबली. खट्.

मग पडवीला लग्नघराची कळा आली. नूरबीनं आढेवेढे घेत रहिमानचं नाव घेतलं आणि आपणच टाळी दिली. शालनबाईची पाळी आली तेव्हा बबनराव नेमके डोकावले. ती त्यांच्याकडे बघतच म्हणाली, "बाटलीला लावते लेबल, लेबलाला लावते खळ, सोपानरावांचं नाव घेते, हजेरीवाल्या, तू पळ!"

बबनराव खरंच पळाले. खट्. कौशल्याबाई आता अंगठा पुसत नव्हती. कुणाला ती वीतभर खांबाकडे सरकवत होती, कुणाच्या मांडीवर पांढरं फडकं पसरून हनुवटीखाली उजेड उडवत होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चुना शेजारचा रंग उजळतो, एवढं हाताला माहीत होतं.

तांबड्या भोकात बाराचा आकडा आला.

"आता तू बस," शालनबाईनं कॅमेरा तिच्या हातातून घेतला.

कौशल्याबाई पाटावर बसली. बसल्यावर तिला कळलं, पाटावर बसून बारा वर्षं झाली होती. शालनबाई काचेत वाकली, आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "हं, घे नाव."

शालनबाईनं जीभ चावली. रुक्मिणीबाई घाईनं म्हणाली, "न्हाई तर नुसतंच काढ गं."

कौशल्याबाईनं हात वर करून तिला थांबवलं. मग समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "गेरूचा घोडा, चुन्याचा तुरा, दत्तोबांचं नाव घेते, घोडा झाला पुरा."

कुणी ओरडा केला नाही. नूरबीनं ओढणीनं डोळे पुसले. कौशल्याबाईनं मान वर केली, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले.

"अगं शालन, बोट! भिंगावरनं बोट काढ!"

खट्.

सोमवारी फाटकावर बारा पास तपासले गेले. पहारेकऱ्यानं अकरा जणींना मुकाट सोडलं आणि बाराव्या पासाशी थांबला. फोटोच्या कोपऱ्यात शालनबाईच्या बोटाचा काळा डोंगर होता. बाकीच्या चौकटीत एक बाई तोंड उघडून, हात पुढे करून, कुणाला तरी काम शिकवत होती.

"ही अशी काय?" त्यानं विचारलं.

"अशीच हाय ती," फाटकाच्या आतून रुक्मिणीबाई म्हणाली.

त्यानं फोटोकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. आत युनूस बबनरावांकडून पावती घेत उभा होता. तो म्हणाला, "बाई, पुढच्या रविवारी मोशीला एक लग्न आहे. घरच्या बायका म्हणतात, फोटोला बाईमाणूसच पाहिजे. याल?"

"लग्नघरात? मी?"

"नूरबीकडून मला कळलं, त्यांनाही सांगितलंय सगळं. त्या म्हणाल्या, उजेड कळतो ना बाईला, मग झालं."

कौशल्याबाईनं आत जाऊन खळीची वाटी पुढे ओढली. दुपारी बबनराव खात्यात आले तेव्हा आठशे लेबलांपैकी शंभरही लागली नव्हती. टेबलाच्या पत्र्यावर खळीनं काढलेला, तुऱ्यासकट, हातभर घोडा उभा होता, आणि बारा जणी त्याच्याभोवती वाकून त्याच्या शेपटीवरून भांडत होत्या.