तक्रारपेटीतले पऱ्हे

आधी काकूंचं सांगतो. त्या नसत्या तर मी आज या मिलमध्ये नसतो. त्या आमच्या मिलच्या अंगणात धान वाळवायच्या. मी सांगोल्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. पवनीकडच्या या राइस मिलमध्ये बॉयलरवर लागलो तेव्हा इथली बोलीसुद्धा कानाला नवी होती. पहिल्याच आठवड्यात तापानं पडलो. काकूंनी घराची पडवी मोकळी करून दिली, चार दिवस पेज पाजली. अजून मी त्याच पडवीत राहतो.

आमचा तांदूळ उसना, म्हणजे उकडा. धान गरम पाण्यात भिजवायचा, वाफ द्यायची, वाळवायचा. भिजवणीचं पाणी पिवळं, आंबूस वासाचं. ते मुरवायची टाकी फक्त कागदावर होती. दिवेलागणीला मी व्हॉल्व्ह सोडायचो आणि पाणी नाल्यानं खालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत शिरायचं. तिथंच काकूंनी उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले होते. बोटभर रोपं पिवळी पडायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ, पाणी कवा सोडता तुमी?"

मी वेळ सांगितली. सांगून बसलो आणि मग आठवलं. मिलमधली गोष्ट बाहेर गेली तर दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर, असं मॅनेजरसाहेबांनी बजावलेलं होतं.

त्याच महिन्यात मोठ्या खरेदीदाराची तपासणी ठरली. पाणी, मजूर, कारभार नीट दिसला तरच माल घेणार. साहेबांनी घाईघाईनं गेटपाशी झाडं लावली, तक्रारपेटी टांगली आणि मला कामगार प्रतिनिधी केलं.

"साहेब, मलाच का?"

"तुया इथं कोनी सोयरा नाही रे," ते हसले. "भांडशील कोनासाठी?"

तपासणीच्या मॅडमनी पेटी सगळ्यांसमोर अंगणात उघडायला लावली. रिकामी असणार याची साहेबांना खात्री होती. आतून मातीसकट उपटलेले पिवळे पऱ्हे निघाले.

"हा कचरा कोनं टाकला?"

"कचरा नोहे, साहेब." काकू पुढं आल्या. "मले लिवता येत नाही. लिवाचं होतं तेच टाकलं. मिलच्या पान्यानं पिवळे पडले हे."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "मिलचं पाणी शेतात येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

साहेबांची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. काकूंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सांगाले कोन पायजे, बाई? नाक हाय ना मले."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "प्रतिनिधी तुम्ही ना? काही सांगायचंय?"

मी मान हलवली. नाही.

मॅडम मग स्वतःच नाल्यात उतरल्या, बाटलीत पाणी भरून घेतलं. टाकी होईपर्यंत माल उचलायचा नाही आणि पेटीची किल्ली प्रतिनिधीकडं ठेवायची, असं लिहून गेल्या. आता टाकीचं खोदकाम चालू आहे. पण दुसऱ्याच दिवशी काकूंना निरोप आला, सध्या अंगणात बायका पुरेशा आहेत.

त्या संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखा चहा पडवीत आणून ठेवला. माझ्याच्यानं कप उचलवेना. "काकू, माझ्यामुळं..."

"चूप राहा, भाऊ. तुमी निघाले असते त कुठी गेले असते? माह्यं त घर हाय अठी."

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. बॉयलरपाशी उभा असलो तरी हात खिशातल्या किल्लीकडं जातो. काल वहीचं पान फाडून लिहिलं: व्हॉल्व्ह मी सोडायचो, सोडायला कोणी सांगितलं, वेळ काकूंना मीच सांगितली, आणि त्यांना कामावरून का काढलं. खाली माझं नाव घातलं आणि कागद पेटीत टाकला. टाकी बघायला मॅडम परत येणार आहेत. तोवर दिवसातून चारदा वाटतं, पेटी उघडावी आणि कागद काढून घ्यावा. किल्ली माझ्याकडंच आहे, तोच तर घोळ आहे.

नाही काढणार, काकू. या वेळी मॅडमनी विचारलं तर मान हलवणार नाही, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचीन. मग गेटच्या बाहेर जावं लागलं तरी चालेल. तुम्ही पुन्हा अंगणात कामाला उभ्या राहाल, एवढं मी करीनच. त्या चार दिवसांच्या पेजेची फेड एवढ्यानं होत नाही, कळतं मला. तीही एक दिवस करीन.