पांडवांनी धरलेली गाडी

नांदेडहून निघताना आमच्या गल्लीनं असा निरोप दिला, की जणू आम्ही काशीलाच निघालोय. "वहिनी, गाडी परत येईल ना?" समोरच्या जोशीकाकूंनी विचारलं. मी म्हटलं, गाडीचं माहीत नाही, मी येईन. ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ऐटीत भोंगा वाजवला.

गाडी म्हणजे कधीकाळी शाळेची पोरं वाहणारी व्हॅन. निवृत्तीनंतर लोक देवाला लागतात, आमचे हे हिच्या मागे लागले. आतली बाकं काढली, पलंग ठोकला, शेगडी बसवली, हात धुवायला बेसिन, टपावर पाण्याची टाकी. बेसिनचं पाणी कुठं जाणार, असं मी विचारलं होतं. "खाली," म्हणाले. यांना सगळ्यात कौतुक पलंगाजवळच्या खिडकीचं. चांगली हातभर रुंद काच! पडल्या पडल्या तळं बघायचं म्हणे. घरात पडल्या पडल्या पंखा बघता, तो काय वाईट आहे?

तारीखही यांनीच काढली. तळ्याकाठी चांदण्या ठसठशीत दिसाव्यात म्हणून अमावास्या हवी. कॅलेंडरवर डिसेंबरातला काळा गोळा त्यांनी पाहिला, त्याखालची बारीक अक्षरं वाचली नाहीत. मीही वाचली नाहीत. माझं माहेर हिंगोलीचं, सासर नांदेड शहरातलं. ज्या अमावास्येला अख्खा लातूर जिल्हा घराला कुलूप लावून शेतात जातो, ती आमच्या दोघांच्याही घरी कधी पाळलेली नाही. आता हसा.

लोहा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना तुरी, हरभरा आणि गुडघ्याच्या वर आलेली ज्वारी लागली. हवेत गारवा होता, काचा खाली करून हे जुनी गाणी म्हणत होते, आणि मला कबूल करायला हवं, बरं वाटत होतं. अहमदपूरला चहाला थांबलो. बाजारात पाय ठेवायला जागा नाही! मटार, गाजरं, पातीचे कांदे, मातीच्या घागरी, सगळं हातोहात चाललेलं. मी पालेभाजीवालीला विचारलं, "एवढी गर्दी? लग्न आहे का कुणाचं?"

"लगीन?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "उद्या समद्यायचंच लगीन हाय की, बाई! कुठनं आलाव?"

नांदेडहून, म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि कीव येऊन मूठभर कोथिंबीर जास्त दिली. तेवढ्यानंही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

शिरूर ताजबंदला मोठा रस्ता सोडून उदगीरकडे वळलो. पुढे कुठं आत शिरलो ते लिहीत नाही, कारण मग तुम्ही सगळे तिथंच येऊन बसाल. एक लहानसं तळं, काठावर पट्टीभर काळं रान, त्यात चार-दोन तंबू, पत्र्याची न्हाणी आणि एक चूल. वनिता नावाची तिशीतली बाई हा मुक्कामाचा तळ चालवते. ती गावात गेलेली होती. फोनवर म्हणाली, "काकू, गाडी बोरीच्या पल्याड लावा बरं का. तिथं मुरूम टाकलाय." बोरीपलीकडे यांचं मन रमेना. काठालगत एक सपाट, साफसूफ केलेली जागा होती. "हे बघ, जणू आपल्यासाठीच राखलीय," म्हणून यांनी गाडी तिथं लावली. जवळच पाच गोटे ओळीनं ठेवलेले होते, ते उचलून चाकांना अडसर म्हणून लावले. व्यवस्थित माणूस!

वनिता आली तेव्हा दिवस मावळला होता. गाडी पाहून ती थबकली.

"काकू, ही आमच्या कोपीची जागा हाय," ती म्हणाली. कोपी म्हणजे कडब्याच्या (वाळलेल्या ज्वारीच्या ताटांच्या) पेंढ्यांचं खोपट. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या आली की शेतात ती उभी करायची, आत लक्ष्मी आणि पांडव मांडायचे, आणि गावभरची माणसं बोलावून जेवायचं. तेव्हा कुठं आम्हाला ती पालेभाजीवाली कळली.

"सकाळी काढतो की," हे म्हणाले.

"नक्की काढा, काका. आत्याबाईंनी मला येळवशीपस्तोर मुदत दिलीया." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, गयाबाई. तळं बांधलं तेव्हा अर्धं शेत त्यात गेलेलं, उरलेल्या पट्टीवर सुनेनं तंबू ठोकले, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "म्हणल्या, माझ्या कोपीच्या जागंला तुझ्या पाव्हण्यांचा धक्का लागला तर तंबू गुंडाळायचे आणि रानात वखर घालायचा. पाण्यानं शेत नेलं, तेवढी जागा राहिली, म्हणत्यात."

मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. ही पोर उन्हातान्हात न्हाणी बांधत होती, मुरूम टाकत होती, आणि तिचं सगळं आमच्या चार चाकांखाली होतं. त्यानंतर यांनी काय करावं? गरम पाण्यानं यथास्थित अंग धुतलं, भांडी घासली, टाकीतलं पाणी शिळं झालं म्हणून तेही सोडून दिलं. सगळं खाली. काळ्या मातीत.

सकाळी गाडी सुरू झाली. चाकं गरगर फिरली, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली गेली. मराठवाड्यात जन्म काढलेल्या माणसानं काळ्या रानात पाणी सोडून वर गाडी उभी करावी! मला इतका राग आला की मी यांना नावानं हाक मारली. "सुधाकर, उतरा खाली," म्हटलं. हे लगेच उतरले.

तेवढ्यात बांधावरून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या, झाकलेल्या दुरड्या, नटलेल्या बायका, आणि पुढे आंबिलाची घागर मांडीत धरून गयाबाई. बारीक चणीच्या, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. उतरल्या, गाडी पाहिली, वनिताकडे पाहिलं. वनिताच्या तोंडावरचा रंगच उडाला. गयाबाई वाकल्या आणि चाकापाशी बोट दाखवून म्हणाल्या,

"हे कुणी ठिवलं?"

"मी," हे म्हणाले. "गाडी सरकू नये म्हणून."

"आमचे पाच पांडव हायती ते."

धरणी दुभंगावी, असं सीतेला का वाटलं असेल ते मला त्या क्षणी समजलं. नीट पाहिलं तर गोट्यांवर मागच्या वर्षीचा चुना अजून दिसत होता. धर्मराज आणि भीम तर मातीत गळ्यापर्यंत रुतलेले.

ट्रॅक्टर रहीमभाईंचा. दर येळवशीला ते या कोपीत जेवायला असतातच. त्यांनी दोर बांधला, बिस्मिल्ला केलं आणि ओढलं. चिखल उडाला, दोर तुटला, आणि गाडीचा पुढचा बंपर रहीमभाईंच्या मागे निघून गेला. "मावशी, जबरदस्ती किया तो अर्धी गाडी इथंच राहील," ते म्हणाले. गयाबाई बांधावर बसल्या, तळ्याकडे पाठ करून. "वनिते, पाव्हणे गेले की तंबू काढ," एवढंच बोलल्या. वनिता न्हाणीमागे जाऊन रडत होती आणि तिच्याजवळ जायचं मला धाडस होईना.

ऊन वाढलं. काही सुचेना तेव्हा मी गयाबाईंपाशी गेले. "मावशी, चुकलं आमचं. रागवा, पण उन्हात नका बसू. आत टेका जरा."

वाटलं, झिडकारतील. पण त्या उठल्या, कदाचित भांडायलाच. पायरी चढून आत आल्या, शेगडी पाहिली, बेसिन पाहिलं, नाक मुरडलं. मग पलंगावर बसल्या, मान वळली आणि खिडकीपाशी थांबली.

"काच लई मळकी हाय," म्हणाल्या आणि पदरानं पुसायला लागल्या. पुसता पुसता हात थांबला.

मीही वाकून पाहिलं. काठावर पानकणसांचं दाट रान माजलंय, खालून पाण्याचा जेमतेम पट्टा दिसतो. पलंगावरून मात्र कणसांच्या माथ्यावरून पार मधोमध दिसत होतं. तिथं पाण्यातून एक काळं, वठलेलं खोड वर आलेलं होतं.

"चिंच हाय ती आमची," गयाबाई म्हणाल्या. "तिच्या बुडाला हीर. लगीन होऊन आले तवा पयली घागर तिथनं भरली. मला वाटलं, चिंच बी गेली आसंल." डोळ्यांना पदर लावला, पुन्हा काच पुसली. मलाही रडू यायला लागलं होतं.

बऱ्याच वेळानं त्या दारात उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रहीम, दोर गुंडाळ! पांडवांनीच धरून ठिवलीया गाडी, तुझ्या बानं तरी सुटंल का? आणा रं पेंढ्या. गाडीलाच टेकवा."

वनिता डोळे पुसत न्हाणीमागून पुढे आली. "आत्याबाई, कोपीचं तोंड कुणीकडं?" वनितानं भीत भीत विचारलं.

"पाण्याकडं."

नंतर वनिता मला म्हणाली, काकू, इतक्या वर्षांत कोपीचं तोंड त्यांनी कधी पाण्याकडं करू दिलं नव्हतं.

मग काय विचारता! आमच्या व्हॅनच्या अंगावर कडबा चढला, त्यावर शाल पडली. यांनी स्वतः मातीत लोळून पाचही पांडव उकरले, धुतले, चुना लावला; गयाबाई बाजूला उभ्या राहून "भीमाला नीट लावा" म्हणून बजावत होत्या. बायकांनी पूजा केली. जेवायला आलेल्या पोरांनी रानाला वेढा घालत आंबील शिंपडलं, "होलग्या होलग्या, सालम पोलग्या" असं ओरडत. अर्थ विचारला तर कानडी आहे म्हणाले आणि पुढे पळाले.

आणि जेवण! भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत हो. हिरवा मटार, तुरीचे दाणे, हरभरा, घरातली-रानातली सगळी भाजी चिंच-बेसनात शिजवलेली. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि गाडग्यातलं गार आंबील. मी भाज्या ओळखायला गेले आणि अर्ध्यात नाद सोडला. शेजारच्या शेतातून बोलावणं आलं, त्याच्या शेजारच्याही आलं, आणि नाही म्हणायची सोय नाही. हे तिसऱ्या कोपीतून परतले ते चालत नव्हते, डुलत होते. "लई भारी तळ हाय तुमचा," एक पाहुणा वनिताला म्हणाला, "गाडीची कोपी कुठं बघितली न्हवती." गयाबाईंनी ते ऐकलं आणि त्याला आणखी एक उंडा वाढला. त्या रात्री म्हणे चांदण्या फार छान पडल्या होत्या. हे आठच्या आत घोरत होते.

दुसऱ्या दिवशी माती वाळली, चाकांखाली फळ्या घातल्या आणि गाडी हसत हसत निघाली. रहीमभाईंनी बंपर तारेनं बांधून दिला. गयाबाई दिसल्या नाहीत, शेजारच्या रानात होत्या म्हणे. लोह्याला चहा पीत असताना एक गाय आमच्या टपावरचा राहिलेला कडबा शांतपणे खात होती आणि तिला हाकलावंसं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

मुक्कामाच्या गाडीत काय मिळतं, असं गल्लीत सगळे विचारतात. मला वाटायचं, गाडी म्हणजे कुणाच्याही दारात न जाता राहायची सोय. आमची तर सरळ दुसऱ्याच्या घरात घुसली, थेट देवापर्यंत, आणि त्या माणसांनी तिला घरातलं करून घेतलं.

परवा वनिताचा फोन आला. तंबू जागेवर आहेत, वखर दुसऱ्या रानात गेला. मध्ये कुणी बडे लोक मोठी गाडी घेऊन आले होते, त्यांना आत्याबाईंनी काठी आपटून बोरीपलीकडे पाठवलं. म्हणाल्या, ती जागा नांदेडच्या गाडीची हाय.

"येळवशीला यायचं बरं का काकू," वनिता म्हणाली. मग मागून कुणीतरी काही सांगितलं, ती हसली आणि म्हणाली, "आत्याबाई म्हणत्यात, येताना काच तेवढी पुसून आणा."