शनिवारी वाळत घातलेली साडी

हॅनोव्हरच्या लिंडेन भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या नंदाच्या बाल्कनीत गेल्या मे महिन्यात एक कबुतर येऊन बसलं. बसलं कसलं, कोसळलंच. कुंड्यांच्या मागे अंग चोरून, चोच उघडी टाकून पडलं. आठ वर्षांच्या तनयाने, नंदाच्या नातीने, ते आधी पाहिलं आणि ती घरात धावत आली.

"आजी! डी टाऊबे इस्ट क्रांक!"

तनयाला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून उत्तर यायचं ते जर्मनमधून. कबुतर आजारी आहे म्हणे. नंदा बाल्कनीत गेली. चौकात दाणे टिपणाऱ्या कबुतरांपैकी हे नव्हतं. भरलेली छाती, मानेवर निळसर झळाळी आणि पायात नंबर कोरलेलं वाळं. नंदा वाकली आणि तिने ते अलगद उचललं. पाय पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात, अंगठा पंखांवर. चौसष्ट वर्षांच्या त्या हाताने चाळीसेक वर्षांत कबुतर धरलं नव्हतं, पण तनयाला ते ठाऊक नव्हतं आणि कबुतरालाही नाही. ते शांत झालं.

तळव्यावर त्याचं काळीज इवलं इवलं धडधडत होतं. नंदा तशीच उभी राहिली. खालून ट्राम गेली. तनया काहीतरी विचारत होती, ते कुठूनतरी लांबून यावं तसं ऐकू येत होतं.

नंदाचं लहानपण इंग्लंडमधल्या बोल्टन नावाच्या गिरणगावात गेलं. तिचे वडील हरीश सोलापूरच्या सूतगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. एका मित्राच्या पत्रावर विश्वास ठेवून ते बोल्टनच्या गिरणीत आले आणि चार वर्षांनी, सदुसष्ट साली, त्यांनी बायकोला आणि सात वर्षांच्या नंदाला बोलावून घेतलं. विटांची, एकमेकांना खांदा लावून उभी असलेली घरं. प्रत्येक घरामागे ओंजळीएवढं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात संडास आणि त्यापलीकडे दगडी बोळ. या बोळात दर सोमवारी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या जायच्या आणि सगळ्या गल्लीचे कपडे वाऱ्यावर फुगायचे.

ती वर्षं नंदाला ओळीने आठवत नाहीत. पाण्याखालून पाहावं तशी ती हलत, विरत दिसतात. उंबऱ्याच्या पायऱ्या पिवळट दगडाने घासणाऱ्या, गुडघ्यांवर बसलेल्या बायका. त्यांच्या डोक्याला बांधलेले रुमाल. सरकणाऱ्या धुक्यात गिरणीच्या लाल भिंतीवर एकदम पेटणाऱ्या शेकडो खिडक्या. आणि उन्हाळ्यातले ते दोन आठवडे! गावातल्या सगळ्या गिरण्या एकाच वेळी सुट्टीवर जायच्या, धुराडी थंड व्हायची आणि एका सकाळी गल्लीच्या टोकाला चक्क डोंगर उभे असायचे. हिरवे, जवळचे, मेंढ्यांच्या ठिपक्यांसकट. पहिल्या वर्षी नंदाला वाटलं होतं, रात्रीतून कुणीतरी ते आणून ठेवले.

शेजारच्या घरात विल्फ राहायचे. हरीशच्याच गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. छातीत कापूस बसल्यामुळे ते दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घ्यायचे. त्यांच्या अंगणात लाकडी खुराडं होतं आणि त्यात शर्यतीची वीस-बावीस कबुतरं. कबुतरं टोपल्यांत बसून आगगाडीने लांब जायची, कधी थेट फ्रान्सला. शनिवारी सकाळी तिकडे त्यांना सोडलं की दुपारपर्यंत ती आपापल्या घरी परत. पायातलं रबरी कडं काढून खास घड्याळात टाकेपर्यंत मात्र कबुतर पोचलं असं धरत नसत. त्यामुळे नुसतं छपरावर येऊन भागायचं नाही, त्याने खुराड्यात शिरायला हवं. म्हणून शनिवारी दुपारी सगळी गल्ली श्वास रोखून असायची. पोरं चेंडू आपटायची नाहीत, दारं आपटायची नाहीत. बोळात चिंधीसुद्धा वाळत नसायची.

हे नंदाच्या आईला, स्नेहलताला, कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांना येऊन दीड महिना झाला होता. तीन आठवडे संततधार होती. एका शनिवारी ऊन पडलं, तशी स्नेहलताने हौसेने साडी धुतली. हळदीच्या रंगाची, सुती, माहेरची. आणि बोळात, भिंतीपासून भिंतीपर्यंत, ऐसपैस पसरून वाळत घातली.

दुपारी आभाळात एक ठिपका आला. विल्फची नेल होती ती, त्यांची सर्वांत लाडकी मादी. ती गल्लीवर आली, खाली झेपावली आणि खाली फडफडणारं ते पिवळं काहीतरी पाहून बिचकली. पुन्हा वर गेली. एक घिरटी, दुसरी, पाचवी. विल्फ हातात मक्याचा डबा घेऊन उभे होते, डबा वाजवत होते, श्वासाला थांबत होते. नंदा खिडकीतून पाहत होती. तिला ते दृश्य फार सुंदर वाटलं, ही गोष्ट तिने पुढे कित्येक वर्षं कुणालाच सांगितली नाही. निळं पाखरू, खाली पिवळी साडी आणि पुतळ्यासारखी थिजलेली माणसं.

अकरा मिनिटांनी नेल उतरली. शर्यत तोवर हातची गेली होती.

विल्फ काहीच बोलले नाहीत. दुसरंही कुणी बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. दुकानात, बोळात, उंबऱ्यावर, स्नेहलता दिसली की बायकांच्या गप्पा थांबायच्या. आठवडा गेला. शाळेतल्या पोरींकडून नंदाला कारण कळलं आणि तिने रडत रडत ते आईला सांगितलं.

"अहो, ऐकलंत का?" स्नेहलता हरीशला म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

हरीशने मान खाली घातली. "वाटलं, विसरतील."

"विसरायला मी काही चोरी केली नाही." तिने पदर खोचला, नंदाचं मनगट धरलं आणि विल्फच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "सांग त्यांना. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी साडी ओली नेसले असते, पण वाळत घातली नसती."

नंदाने आपल्या दीड महिन्याच्या इंग्रजीत ते सांगितलं. विल्फनी टोपी काढली. बराच वेळ श्वास जमवला.

"तुझ्या आईला सांग, चूक माझी. दार वाजवायला हवं होतं मी." मग ते बोळाच्या दिशेने हात करत म्हणाले, "आणि म्हणावं, आता ती साडी रोज वाळत घाल. पाखरू फक्त अनोळखी गोष्टीला घाबरतं."

तेव्हापासून हळदी साडी रोज बोळात फडफडू लागली, भिजलेली असो वा नसो. चार दिवस कबुतरं तिच्यावरून उंच उडाली, पाचव्या दिवशी शेजारून, आणि महिन्याभरात तिच्याखालून शिरायला लागली. नंदा रोज शाळेतून आल्यावर दाणे टाकायला जायची. पाखरू कसं धरायचं ते विल्फनी तिला तेव्हाच शिकवलं. "घट्ट नाही, सैल नाही. त्याला वाटलं पाहिजे की ते आपणहून थांबलंय." पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्सहून आलेली नेल साडीखालून थेट खुराड्यात शिरली. शर्यतीच्या क्लबात तिचा तिसरा नंबर आला. विल्फची बायको आयडा त्या संध्याकाळी केक घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर दोन तास बसली. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. आतून फक्त हसण्याचा आवाज येत होता.

हॅनोव्हरच्या बाल्कनीत नंदाने खोक्याला भोकं पाडली, आत पाणी ठेवलं, मसूर आणि तांदूळ ठेवले. वाळ्यावरून मालकाचा शोध लागला. रुअर भागातल्या हर्ने गावचे कोवाल्के, खाणीतून निवृत्त झालेले.

"पाव घालू नका हं," ते फोनवर घाईघाईने म्हणाले.

"मसूर घातलेत. डाव्या पंखाची दोन पिसं गेलीत, पण हाड शाबूत आहे."

कोवाल्केंची घाई एकदम ओसरली. "पण तुम्ही शिकलात कुठे हे?"

"बोल्टनला," नंदा म्हणाली. चाळीस वर्षं जर्मनीत काढली, इथे इंग्रजी शिकवली, उवे नावाच्या माणसाशी लग्न केलं, त्याला अखेरचा निरोपही दिला. कुणी कुठली असं विचारलं की ती सोलापूर म्हणायची. बोल्टन आज पहिल्यांदाच तोंडून निघालं होतं.

तीन दिवसांनी, रविवारी दहा वाजता त्यांनी कबुतराला सोडलं. त्याने ट्रामच्या तारांवरून दोन घिरट्या घेतल्या आणि ते नैर्ऋत्येला निघून गेलं. दोघी बाल्कनीतच बसून राहिल्या. या तीन दिवसांत नंदाने तिला विल्फची आणि साडीची गोष्ट सांगितली होती. तनयाने विल्फच्या कबुतरांचं पुढे काय झालं, असं जर्मनमधून विचारलं.

नंदाने सांगितलं. त्र्याहत्तर साली ती गल्लीच पाडली. घरं ओल धरलेली, जुनी होती, ते खरंच होतं. लोक पांगले. विल्फना आठव्या मजल्यावर घर मिळालं, तिथे पाखरांना मनाई. त्यांनी ती दुसऱ्या गावच्या एकाला दिली. पण घर पाडल्याचं पाखरांना कुठे ठाऊक? काही निसटली आणि परत आली. बसमधून शाळेला जाताना नंदाने पाहिलं, विटांच्या ढिगाऱ्यांवर, जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे, पाच-सहा कबुतरं गोल गोल फिरत होती. खाली एकटे विल्फ मक्याचा डबा वाजवत उभे.

तिने घरी येऊन सांगितलं. पुढच्या दोन रविवारांत हरीशनी आपल्या नव्या घराच्या अंगणात फळ्या ठोकून खुराडं उभं केलं. परत धरून आणलेली म्हातारी पाखरं तिथे बंदच ठेवावी लागली, कायमची; सोडली असती तर ती पाडलेल्या गल्लीकडेच गेली असती. त्यांची पिल्लं मात्र त्याच अंगणाची झाली. विल्फ दर शनिवारी दोन बस बदलून यायचे आणि खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसायचे. सहा वर्षं आले.

"उंड नेल?" तनयाने नेलचं काय झालं ते विचारलं.

"नेल शेवटपर्यंत दाराजवळच्या फळीवर बसायची. बाहेर तोंड करून."

ढग हळूहळू सरकत होते. नंदाचे डोळे अर्धे मिटले होते, झोपेत नाही आणि जागेपणीही नाही, अशी ती खुर्चीत रेलली होती. एक वाजून गेल्यावर फोन वाजला.

"आली!" कोवाल्के ओरडले. "पाणी प्यायली आणि झोपलीसुद्धा. सारखं रस्ता चुकते, मूर्ख पोरगी."

तनयाने टाळ्या पिटल्या. मग ती आत गेली, फ्रीज उघडला आणि भूक लागल्याचं जाहीर केलं. नंदा उठली, कुकरमध्ये भाताला पाणी घातलं आणि तिला दोन ताटं घ्यायला सांगितली.