बारावा फेरा

आण्याच्या पठारावरच्या आमच्या गावाला पाणी मी सोडतो. टाकीखालच्या चेंबरात उतरायचं, लोखंडी चावी दांड्यावर बसवायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. व्हॉल्व्ह जुना आहे. अकरा फेरे दिले की पाणी नीट जातं. बारावा दिला की झिजलेल्या आट्यांतून आतली झडप सुटते, धपकन खाली बसते आणि अख्खं गाव कोरडं.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. दुसऱ्या कुणी चावी धरली की पाणी बंद पडायचं, मी धरली की यायचं. लोक म्हणायचे, "ह्याच्या हाताला गुण हाय राव." मी मिशीत हसायचो. ग्रामपंचायतीने नवा व्हॉल्व्ह बसवायचं काढलं, तेव्हा मीच म्हणालो, "कशाला? लई भारी माल हाय ह्यो." एवढा मी शहाणा! त्या शहाणपणापायी ना कुणाच्या लग्नाला दोन दिवस राहिलो, ना कुठे देवाला गेलो. चावी माझ्या हातात, पण दावणीला मीच बांधलेला. गाव सोडलं की फोन वाजायचाच.

आई निरगुडसरला माझ्या बहिणीकडे अंथरुणाला खिळली होती. त्या सकाळी भेटायला गेलो, तर तिने माझा हात धरला तो सोडेचना. "आज ऱ्हा," म्हणाली. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या शिपायाचा फोन. "भाऊ, समदा खोलला, तरी थेंब नाय. बाया हंडं घिऊन हितंच बसल्यात."

काय झालंय ते मला लगेच कळलं. दांडा खाली दाब, दोन फेरे उलटे घे, झडप पकडली की पुन्हा खोल आणि अकरावर थांब. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण एकदा सांगितलं की मला कोण विचारणार? भीती वाटली. खरं सांगतो, भीतीच वाटली.

"आलोच," म्हणालो.

"तुज्याबिगर व्हतच न्हाई का त्यांचं?" आईने विचारलं.

"न्हाई व्हत," म्हणालो आणि हात सोडवून घेतला.

पाणी सुटलं. बायकांनी दुवा दिला. एकीने चहा आणून दिला, तो तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं पाणी सोडून पुन्हा निरगुडसरला पोचलो. आई उशीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बहिणीला म्हणाली, "पावणं आल्यात. पाणी दे त्यांला."