निर्मला मॅडमचा तास

निर्मला मॅडम गेल्याचं आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. मिनिटभरात जोडलेल्या हातांची रांग लागली. ‘मायेची सावली हरपली,’ असं सगळ्यात आधी लिहिलं ते आमच्या तेव्हाच्या वर्गप्रतिनिधीनं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मायेची सावली म्हणे! मॅडमविरुद्धचा अर्ज याच बाईनं आपल्या वळणदार अक्षरात लिहिला होता. तीन आठवडे झाले, संताप काही उतरत नाही.

आम्ही तेव्हा क्रांती चौकाजवळच्या एका कॉलेजात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एचआयव्ही कसा पसरतो, हे पेपरात आलं की पैकीच्या पैकी मार्क. आणि वॉर्डात? हर्सूलची एक एचआयव्हीबाधित बाई अ‍ॅडमिट होती, तिची नाडी बघायला मी एकावर एक दोन ग्लोव्ह्ज चढवून गेले. बाहेर येऊन आम्ही तिच्या चारित्र्यावर खिदळलो. मॅडमनी ते ऐकलं. त्या आत गेल्या, उघड्या हातानं तिचं मनगट धरलं, नाडी मोजली. मग मला म्हणाल्या, “ग्लोव्ह्ज रक्तासाठी असतात गं, माणसासाठी नाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात ड्रेसिंगचा स्टीलचा किडनी ट्रे फिरवला... तोंडानं विचारायची लाज वाटते ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका. ट्रे भरून वाहिला. लाजाळू म्हणवणाऱ्या आम्ही काय काय विचारलं होतं! मॅडमनी प्रत्येक चिठ्ठीला सरळ शब्दांत उत्तर दिलं. लग्न ठरलेल्या मुलाला एचआयव्हीची टेस्ट करायला सांगितलं तर चालेल का, हे माझं होतं. “चालंल काय, सांगायलाच पायजे,” मॅडम म्हणाल्या. “आन् स्वतःची बी करायची. तो चिडला, तर कसा हाय ते लग्नाआधीच कळलं.”

मी सांगितलं. तो चिडला, लग्न मोडलं. वैजापूरला घरात रणकंदन माजलं तेव्हा मी घाबरून मॅडमचं नाव घेतलं. वडील तडक कॉलेजात आले. “पोरींना ही घाण शिकवायला ठेवलंय का हिला?” मग तो अर्ज निघाला. मॅडम आम्हाला बळजबरीनं अश्लील प्रश्न लिहायला लावतात, असा. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली.

चौकशीत प्राचार्यांनी चिठ्ठ्या मागितल्या. त्या दाखवल्या असत्या तर प्रश्न आमच्याच मनातले होते हे दिसलं असतं आणि मॅडम सुटल्या असत्या. पण रोज आमच्या वह्या तपासणाऱ्या मॅडमना प्रत्येकीचं अक्षर ठाऊक होतं, आणि प्राचार्यांनाही ते ओळखता आलं असतं. “फाडून टाकल्या,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचे तास काढून घेतले आणि निवृत्तीपर्यंत त्यांना चादरींच्या स्टोअरमध्ये बसवलं. मी एकदाही त्यांना भेटायला गेले नाही. ग्रुपवरच्यांना नावं ठेवणारी मी तरी कुठली मोठी लागून गेले?

आता त्याच कॉलेजात, त्यांच्याच वर्गखोलीत मी शिकवते. परवा एचआयव्हीचा धडा चालू असताना दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, नवरा कंडोमला नाय म्हणला, तर बाईनं काय करायचं?”

त्या मुलीला खरंच उत्तर हवं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी आधी दाराकडे बघितलं, बाहेर कुणी उभं तर नाही ना... मग म्हणाले, “बस खाली. सिलॅबसमध्ये नाही ते.”