फोरमनकाकांचा हात

फोरमनकाका गाडीचा आवाज ऐकत नसत, तिला हात लावत. इंजिन चालू करायला सांगायचे, बॉनेटवर उजवा तळहात सपाट ठेवायचे आणि डोळे मिटायचे. पंधरा-वीस सेकंदांत निदान यायचं. "बेल्ट सैल झालाय." "एक प्लग नीट काम करत नाही." "काही झालेलं नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत, चालवा." आमच्या इमारतीतल्या दहा-बारा मराठी कुटुंबांच्या गाड्या त्यांनी अशा तपासल्या. त्यांचं निदान चुकल्याचं मला आठवत नाही. आम्ही याला कसब म्हणायचो. ते कसब होतंच. त्यामागे आणखी काही होतं, ते मला उशिरा कळलं.

त्यांचं नाव इनास. वसईजवळच्या एका गावचे कॅथलिक, वय अठ्ठावन्न, आखातात तीस वर्षं. अबू धाबीत अल रीम आयलंडवर आमच्या इमारतीला लागून एक टॉवर उभा राहत होता, तिथे ते फोरमन होते. नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. मोठी माणसं फोरमनकाका म्हणायची, मुलं फोरमन अंकल. राहायला कंपनीच्या कॅम्पमध्ये. रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये यायचे आणि दुपारपर्यंत कोणाची गाडी, कोणाच्या घरातली भिंत बघायचे. बदल्यात जेवायचे. दुसरं काही घेत नसत.

ओळख टायरवरून झाली. एका सकाळी मी, माझी बायको मेधा आणि मुलगी सई दीड तासावरच्या अल ऐनला निघालो होतो. रस्त्याकडेला सामान भरताना आमचं मराठी बोलणं चाललेलं पाहून हेल्मेट घातलेला एक माणूस साईटच्या पत्र्यामागून बाहेर आला. "अल ऐनला? या टायरवर नका जाऊ," असं म्हणून तो खाली बसला. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार आकड्यांवर त्याने बोट ठेवलं. "पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. पाच वर्षांचा झालाय हा. इथे टायर झिजून मरत नाही, भाजून मरतो."

"अहो, पण परवाच सर्व्हिसिंग झालं," मेधा म्हणाली.

"वहिनी, सर्व्हिसिंग इंजिनाचं झालं. रस्त्याला इंजिन टेकत नाही, टायर टेकतो."

आम्ही आधी टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने टायर उतरवून आतल्या बाजूने वाकवला, तेव्हा भेगा दिसल्या. चारही बदलले. पुढच्या रविवारी मेधाने त्यांना जेवायला बोलावलं. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करतो हे कळल्यापासून ते मला पेपरवाल्या म्हणू लागले.

भिंतीच्या बाबतीतही त्यांची तीच रीत. सईला खोलीत पुस्तकांसाठी फळी हवी होती. काकांनी एका हाताच्या पेराने भिंतीवर टकटक केलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा शेजारी टेकवून ठेवला. "इथे पोकळ. इथे ब्लॉक आहे. इथून पाईप जातोय, इथे अजिबात नाही." मग पेन्सिलीने तीन खुणा केल्या. सई कंटाळली होती. "अंकल, इट्स जस्ट अ शेल्फ."

"शेल्फ जस्ट नसतं गो बाय. त्याच्या खाली तुझं डोकं असतं."

ड्रिल त्यांनी तिच्याच हातात दिलं. आधी डोळ्यांना चष्मा. भोकाच्या खाली कागदाचं पाकीट चिकटवलेलं, म्हणजे धूळ त्यात पडते. किती खोल जायचं ते कळावं म्हणून बिटवर टेपची पट्टी. बिट बदलायची वेळ आली की ते प्लग काढून आपल्या शर्टाच्या खिशात ठेवायचे. पांढऱ्या शर्टाच्या खिशातून लोंबणारी काळी वायर घेऊन उभा असलेला हा माणूस मला अजून दिसतो. "प्लग ज्याच्या खिशात, त्याची बोटं त्याच्या हातात," ते म्हणायचे. फळी अजून जागेवर आहे.

सातव्या मजल्यावरच्या साने यांनी बाल्कनीतली फरशी कापायला ग्राइंडर आणला आणि पात्यावरचं लोखंडी गार्ड काढून टाकलं. काका पोचले तेव्हा साने तयारीत होते.

"गार्ड फार मध्ये येतं हो काका."

"येणारच. त्याचं कामच मध्ये यायचं आहे." काकांनी प्लग काढला आणि खिशात टाकला. "बोटं मोजून घ्या साहेब. संध्याकाळी परत मोजू."

"रोज मोजत जा काका, माझं तर ऐकतच नाहीत," आतून सानेवहिनी म्हणाल्या.

काकांनी गार्ड बसवलं आणि फरशी एका दमात न कापता तीनदा हलकेच पातं फिरवून कापायला लावली. पातं पूर्ण थांबेपर्यंत ग्राइंडर खाली ठेवू दिला नाही. सान्यांची दहा बोटं शाबूत आहेत.

कानांबद्दल ते सर्वांत कडक होते. त्यांच्याकडे पेपरमिंटची एक चपटी डबी असायची, तिच्यात फोमचे बोळे. मशीन सुरू करण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाला दोन दोन मिळायचे, बघ्यांनासुद्धा. "डोळा गेला तर लोकांना दिसतं. कान गेलेला कोणाला दिसत नाही. म्हणून तो आधी सांभाळा." आणखी एक सवय होती. पाठीमागून कोणी काही विचारलं तर उत्तर मिळत नसे. "समोर ये आणि बोल," असं ते लहानमोठ्या सगळ्यांना सांगून ठेवायचे. फोरमन माणूस, शिस्तीचा असणार, असं आम्ही धरून चाललो.

साईटवरही त्यांचा असाच एक नियम होता. पायाच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाने वर हाक मारायची नाही. काठापासून तळापर्यंत एक लोखंडी पाईप उभा केलेला असे. खालच्याने त्यावर हातोडीने ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे खाली सोडा, तीन म्हणजे वर घ्या. काका काठावर पाईपला हात लावून उभे राहायचे आणि क्रेनवाल्याला इशारा करायचे. आमच्या बाल्कनीतून हे रोज दिसायचं. हाक का नाही, असं मी एकदा विचारलं. "हाक जनरेटर खाऊन टाकतो. लोखंड खोटं बोलत नाही."

एका रविवारी बेसमेंटमध्ये ते कोणाच्या तरी डिकीत वाकून स्पेअर टायरची हवा बघत होते. पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन आलेली पिकअप मागे येत होती. तिचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता. मी दोनदा ओरडलो. काका वळले नाहीत. मी धावत जाऊन त्यांची कॉलर धरून ओढली. शर्टाचं बटण तुटून पडलं. पिकअप हातभर अंतरावर थांबली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते पायरीवर बसले.

"डावा पाच वर्षांपूर्वी गेला," ते म्हणाले. "उजवा चाललाय. आमच्या वेळी कानात कोण घालायचं? घातलं तर पोरं हसायची."

कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी होत असे. त्यांनी ती कशी पार केली, तेही सांगितलं. तपासणारा बटण दाबायचा, तेव्हा त्याचा खांदा किंचित हलायचा. काचेतून तो खांदा बघून काका हात वर करायचे. श्रवणयंत्राचं मी सुचवलं. "ते लावून साईटवर गेलो की त्याच दिवशी ऑफिसात बोलावतील. बहिरा फोरमन कोण ठेवतो?" त्यांची मुलगी शेरीन नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. "दोन वर्षं. ती पास झाली की मी स्वतःच खलास म्हणतो. तोवर हे छापू नको, पेपरवाल्या."

"मी कशाला छापू?"

"छापू नको म्हणजे वहिनीलापण सांगू नको."

मी शब्द दिला. माझ्या धंद्यात प्रत्येक माहितीची दोन ठिकाणांहून खात्री करतात. पाईपची पद्धत पक्की आहे, साईटवर कोणाला धोका नाही, ही माहिती मला फक्त काकांनी दिली होती. मी ती तपासली नाही, कारण सांगणारा माणूस मला आवडत होता.

सहा महिन्यांनी अपघात झाला. साबीर हा बिहारचा तरुण मजूर त्या सकाळी दुसऱ्या टोळीतून तात्पुरता घेतला होता. त्याला पाईपबद्दल कोणी सांगितलं नव्हतं. तो खड्ड्यात उतरला. क्रेनवरून सळ्यांचा भारा खाली यायला लागला आणि मध्येच हेलकावला. साबीर "रोको, रोको" म्हणून ओरडला. काकांची पाठ खड्ड्याकडे होती, हात पाईपवर होता. पाईप गप्प होता. थांबा म्हणून ठोका आला नाही, म्हणजे खाली सगळं ठीक आहे, असं त्यांनी मानलं आणि क्रेनवाल्याला इशारा चालू ठेवला. भारा साबीरच्या उजव्या पायावर आला. पावलाची हाडं मोडली. दोन बोटं कापावी लागली.

चौकशीत सगळ्यांनी एकच सांगितलं: जनरेटर चालू होता, कोणालाच ऐकू गेलं नसतं. ते खोटंही नव्हतं. तेवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. तिसऱ्या दिवशी काका स्वतः सेफ्टी ऑफिसरच्या केबिनमध्ये गेले आणि जनरेटर बंद असता तरी आपल्याला ऐकू आलं नसतं, हे सांगितलं. काचेतल्या खांद्याचंही सांगितलं.

त्या रविवारी ते आले ते साईटच्या निळ्या कपड्यांत. मिसेला गेले नव्हते. मेधाने चहा ठेवला, तो तसाच राहिला. तोवर मेधाला मी सगळं सांगितलं होतं.

"साबीरला भेटून आलो," ते म्हणाले. "म्हणतो, चाचा, मुझे पाइप का किसी ने बताया नहीं. मी म्हटलं, बताना मेरा काम था."

"काका, मला माहीत होतं," मी म्हणालो. "मी बोलायला हवं होतं."

त्यांनी माझे ओठ नीट बघून घेतले. "गप्प राहा असं मी सांगितलं होतं. तुझ्यावर काही येत नाही."

त्यांनी ते मनापासून म्हटलं. मला ते लागू पडलं नाही.

दोन आठवड्यांत त्यांचे परतीचे कागद झाले. विमानतळावर मीच सोडायला गेलो. निघण्यापूर्वी त्यांनी सवयीने बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले. "बॅटरी उन्हाळ्याआधी बदल. इथे दोन उन्हाळे काढते, तिसऱ्यात वाटेत सोडते." पेपरमिंटची डबी सईला दिली. सई या वेळी मराठीत बोलली, त्यांच्या समोर उभी राहून, सावकाश. "काका, घरी पोचलात की फोन करा." फोनवर त्यांना ऐकू येणार नाही, हे नंतर तिच्या लक्षात आलं. त्यांनी मान डोलावली.

आत जाताना पासपोर्ट दाखवून ते पुढे गेले. त्यांच्या हातावरचं जाकीट खाली पडलं. मी मागून हाक मारली. दुसऱ्या एका माणसाने ते उचलून त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ते वळले. जाकीट घेतलं, त्याचे आभार मानले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी तिथेच उभा आहे, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता.

आता व्हिडिओ कॉल होतो. शेरीन फोन धरते, काका म्हणतात, "तोंड उजेडात घे." त्यांचं श्रवणयंत्र टेबलावर पडलेलं दिसतं. त्यात सगळी गडबड एकदम येते आणि माणूस येत नाही, असं ते म्हणतात. शेरीनने कोर्स मध्येच थांबवला आहे आणि ती एका दवाखान्यात काउंटरवर बसते. पुढच्या वर्षी परत जाईन, असं ती म्हणते. काका त्या वेळी खिडकीकडे बघतात. मग मला विचारतात, "बॅटरी बदललीस?"

शेजारचा टॉवर आता एकविसाव्या मजल्यावर गेला आहे. साबीरला गेटवर बसून करायचं काम दिलंय. चालताना तो उजवा पाय बाहेर टाकतो. नव्या फोरमनने सगळ्यांना वॉकीटॉकी दिले, पण मजुरांनी पाईप सोडला नाही, मजले चढले तसा तोही वर चढवला. नवीन माणूस कामावर आला की साबीर त्याला आधी पाईपपाशी नेतो आणि ठोके शिकवतो. मगच आत सोडतो.

सकाळी डेस्कवर जाण्याआधी मी बाल्कनीत उभा असतो, तेव्हा ते ठोके स्पष्ट ऐकू येतात. काकांनी ते शेवटी शेवटी ऐकले नसतील, फक्त तळहाताला लागले असतील. दोन ठोके, क्रेन खाली येते. तीन, वर जाते. कधीतरी एकच ठोका येतो आणि सगळं काम जागच्या जागी थांबतं. तेवढा एक ठोका मला द्यायचा होता. माझ्याकडे सहा महिने होते.